चालकाची निवड

सहल कंपनीच्या ऑफिसातून तो कागद आला तेव्हा ड्रायव्हरच्या बायकोनं शिलाई मशीन थांबवलं, हात पुसले आणि कागद खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचला. ड्रायव्हर नुकताच ड्यूटीवरून आला होता आणि मोजे काढत होता. एक मोजा निघाला, दुसरा तसाच पायात राहिला, कारण बायकोचा चेहरा फुलत चाललेला त्याला दिसला. बायको फार खूश झाली की त्याला धास्ती वाटायची. त्याला तशी कारणं होती.

कागदावर लिहिलं होतं की कंपनी दर वर्षी एक खास बस काढते, तिचं नाव 'चालकाची निवड'. कंपनीत पंचवीस वर्षं पूर्ण करणाऱ्या ड्रायव्हरनं अख्ख्या देशातली आपल्या आवडीची सात ठिकाणं निवडायची. कंपनी त्यावरून सहल आखणार, माहितीपत्रकावर त्याचा फोटो छापणार आणि फोटोखाली लिहिणार, 'ही सात ठिकाणं यांनी स्वतः डोळे भरून पाहिली आहेत.' गाडी दुसरा कुणी चालवेल, आणि पुढची दोन सीटं ड्रायव्हरला आणि त्याच्या बायकोला. खाली सात रिकाम्या ओळी होत्या. त्या भरून कागद शनिवारपर्यंत परत द्यायचा होता.

"अहो, सातच?" बायको म्हणाली. "एवढा मोठा देश तुम्ही पालथा घातलात, त्यातून सात कशी काढायची?"

"बघू की," ड्रायव्हर म्हणाला आणि दुसरा मोजा काढायचा सोडून पहिलाच परत घालू लागला.

आता खरं काय ते सांगून टाकतो, उगाच कुणाला टांगून ठेवण्यात अर्थ नाही. या माणसानं पंचवीस वर्षं देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बस हाकली, आणि लोक जे जे बघायला जातात त्यातलं एकही ठिकाण आतून पाहिलं नाही. त्यानं पार्किंग पाहिलं. किल्ल्याचं पार्किंग, राजवाड्याचं पार्किंग, धबधब्याचं, संग्रहालयाचं. कुठल्या पार्किंगला सावली किती वाजता येते, कुठला नळ पिळून बंद करावा लागतो, कुठल्या टपरीवरचा चहा प्यावा आणि कुठला लांबूनच नमस्कार करण्याजोगा, हे तो झोपेतही सांगेल. दगडी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते मात्र विचारू नये. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो पाच मिनिटं बस सोडून गेला होता आणि तेवढ्यात कुणाची तरी बॅग गेली. ऑफिसनं लेखी समज दिली. बसमध्ये सगळ्यांचं सामान असतं, ड्रायव्हरनं बस सोडायची नाही.

पण खोटं बोलायला त्याला ऑफिसनं सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यानं केलं.

लग्नाला दोन महिने झाले होते. पहिल्या लांबच्या फेरीहून तो घरी आला, तेव्हा बायको दारातच उभी होती. ती त्या शहराबाहेर कधी गेली नव्हती. पाणी द्यायच्या आधी तिनं विचारलं, "काय काय पाहिलंत?" तिच्या डोळ्यांत एवढी उत्सुकता होती, की त्या डोळ्यांत बघून 'एक नळ आणि अकरा बस' असं सांगायला काळीज दगडाचं हवं. मग परतीच्या वाटेवर एका म्हाताऱ्या हेडमास्तरीणबाईंनी जे सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं. फक्त बाईंच्या जागी स्वतःला घातलं. बायको ऐकत राहिली आणि तो थांबला की विचारायची, "मग?"

त्या 'मग'नं त्याचा घात केला. मशीन खडखडत असायचं, पडद्याच्या कापडाला दुमड पडत असायची, आणि तो थांबला रे थांबला की मशीन थांबायचं आणि आवाज यायचा, "मग?" मग आणखी सांगणं आलं. तो परत येणाऱ्या प्रवाशांना बसच्या दारात अडवून विचारू लागला, "काय पाहिलंत? एक तरी सांगा." दहातले नऊ जण म्हणायचे, "पाय दुखले हो नुसते." दहावा काहीतरी सांगायचा. त्या दहाव्याच्या जिवावर ड्रायव्हरनं घरी पंचवीस वर्षं देश उभा केला. एकदा किल्ल्याच्या पार्किंगमध्ये कुत्र्यानं त्याची एक चप्पल पळवली. घरी येऊन सांगितलं की किल्ल्याला तीनशे बावीस पायऱ्या आहेत, वरच्या वळणावर पाय सटकला आणि चप्पल थेट दरीत गेली. ती गोष्ट बायकोच्या सर्वांत आवडीची. गल्लीत ती त्याला कौतुकानं 'आमचे फिरस्ते' म्हणायची आणि गल्लीही तेच म्हणू लागली.

पुढे नियम थोडे सैल झाले. दोन-तीनदा त्याला आत जाता आलं असतं. तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला. आत जाऊन बघितलं आणि सांगितलेलं सगळं निराळंच निघालं, तर? न बघितलेल्याबद्दल बोलणं त्याला जमत होतं. बघून झाल्यावर खोटं बोलणं जमलं नसतं.

तर असा हा कागद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पंचवीस वर्षं इमानानं नोकरी केली म्हणून त्याला मान मिळाला, आणि तो मानच मानेवर बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवड सुरू झाली. बायकोनं तिची मापांची वही आणली. तिच्या पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या छात्या, कमरा आणि खिडक्यांची उंची असायची. ड्रायव्हरला आजवर माहीत नव्हतं की तीच वही उलटी धरली की मागून त्याचा देश सुरू होतो. प्रत्येक गोष्ट, तारखेसकट, कापडावर खुणा करायच्या पेन्सिलीनं लिहिलेली. एकसष्ट ठिकाणं.

"हे कधी लिहिलंस?"

"तुम्ही झोपलात की. विसरायला नको म्हणून."

तो पानं चाळत राहिला. आपण काय काय बोललोय हे त्याला आता पहिल्यांदा सलग दिसत होतं. एका ठिकाणी तर त्यानं राजाच्या पलंगावर बसून पाहिलं होतं.

"मला वाटतं धरणापासून सुरुवात करू," तो म्हणाला. धरण पार्किंगमधून पुरतं दिसतं, आत जायला काही नसतंच.

"धरण? पाणी काय इथे नळाला येत नाही?"

"मग तो मोठा पूल. किंवा दीपस्तंभ."

"दीपस्तंभाचं तुम्ही मला कधी काही सांगितलं नाहीत. ज्याचं तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही ते मी कशाला बघू?" तिनं पेन्सिलीला टोक काढलं. "पहिला किल्ला. चपलेचा."

"किल्ला नको. तुझे गुडघे बघ. तीनशे बावीस पायऱ्या आहेत."

बायको हसली. "मला वाटलंच तुम्ही असं म्हणणार. आपल्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. कंपनीत असा मान मिळतो हे मला तुमच्या गाइडच्या बायकोनं दोन महिन्यांपूर्वीच सांगितलंय. तेव्हापासून मी रोज सकाळी तुम्ही गेलात की जिना चढते-उतरते. तेवीस वेळा चढलं की तीनशे बावीस होतात. आता दमही लागत नाही."

ड्रायव्हर पाणी प्यायला उठला आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच उभा राहिला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आडाकडे ढकलणारी आपलीच बायको, तीही इतक्या मायेनं की तिच्यावर रागावताही येत नाही.

चार संध्याकाळी हेच चाललं. तो उघड्यावरची ठिकाणं सुचवायचा, ती आतली खोडून काढू द्यायची नाही. त्यानं धबधबा सुचवला तर ती म्हणाली धबधबा वहीत नाही. त्यानं एक ठिकाण लांब आहे म्हणून नाकारलं तर ती म्हणाली, लांब असलं म्हणून काय, आपल्याला थोडंच चालत जायचंय. किल्ल्यानंतर तिनं आरशांचा राजवाडा लिहिला, ज्याच्या मागच्या जिन्यानं उतरलं की सोळा दारांची विहीर लागते. तिसरं ठिकाण म्हणून डोंगर पोखरून केलेली दालनं लिहिली. उरलेली चारही तिच्याच पसंतीची. शनिवारी सकाळी तिनं स्वतः कागद ऑफिसात नेऊन दिला, म्हणजे त्याला तो वाटेत हरवण्याचीही सोय राहिली नाही.

शेवटचा उपाय म्हणून तो गाइडकडे गेला. गाइडला सगळे पोपट म्हणत, कारण वीस वर्षं तो माइकवर एकच पाठ म्हणत आला होता. चहा पाजून ड्रायव्हरनं सहज विचारावं तसं विचारलं, "किल्ल्यात शिरलं की उजवीकडे काय लागतं रे?"

"तुला काय करायचंय? तू कुठे आत येतोस?" पोपट म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. माहितीपत्रकात काय छापणार ते त्यालाही ठाऊक होतं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. हसून झाल्यावर त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "वहिनींना सांगून टाक. रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, संपलं."

"दोन दिवसांचं नाहीये ते."

"मग खोटं बोल, पण रेटून बोल. मी तोंड उघडणार नाही."

माहितीपत्रक छापून आलं. फोटोत ड्रायव्हर हसत होता. तो फोटो पाच वर्षांपूर्वीचा, म्हणून हसत होता.

बस निघाली त्या सकाळी बायको नव्या चपला घालून पुढच्या सीटवर बसली, मांडीवर वही. गाडी चालवायला डुलकी नावाचा जुना सोबती होता. तो थांबलेल्या बसमध्ये कुठेही झोपायचा, पण चालत्या बसमध्ये त्याचा डोळा कधी लागला नाही. मागे अडतीस प्रवासी. त्यातल्या प्रत्येकाकडे ते पत्रक होतं, आणि चहाला उतरलं की एकेक जण येऊन विचारायचा, "काय हो, यात सर्वांत भारी कुठलं?" ड्रायव्हर उत्तर द्यायच्या आधी बायकोच सांगायची. तिला सगळं तोंडपाठ होतं.

किल्ल्याच्या पार्किंगमध्ये बस थांबली आणि ड्रायव्हरचे पाय सवयीनं नळाकडे वळले. बायकोनं त्याच्या दंडाला धरलं. "तिकडे कुठे? आज तुम्हाला सुट्टी आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तो त्या दारातून आत गेला. काय दिसलं ते त्याला आजही नीट सांगता येणार नाही, कारण त्याचं सगळं लक्ष बायकोच्या ओठांकडे होतं. ती पायऱ्या मोजत चढत होती. दम लागत नव्हता. सर्वांत वर पोचल्यावर ती थांबली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"दोनशे अकराच भरल्या."

"मंडळी, आपण दोनशे अकरा पायऱ्या चढून आलो आहोत," मागून पोपटचा माइक बोलला.

"चुकतंय तुमचं," बायको त्याला म्हणाली. "यांनी स्वतः मोजल्यात. तीनशे बावीस." मग थोडा विचार करून म्हणाली, "मधे दुरुस्ती केली असेल. दोन-दोन लहान पायऱ्या मिळून एक मोठी केली असेल. हो ना हो?"

"असेल," ड्रायव्हर म्हणाला. पोपटनं माइक खाली केला आणि दुसरीकडे बघितलं.

"आणि चप्पल कुठल्या वळणावर गेली?"

त्यानं समोर आलं त्या वळणाकडे बोट दाखवलं. बायको तिथे जाऊन उभी राहिली. कठड्यावरून खाली दरीत बराच वेळ बघत राहिली. हरवलेल्या चपलेबद्दल एवढी आपुलकी तिच्या चेहऱ्यावर होती, की चार-पाच प्रवासीही येऊन खाली बघू लागले आणि एकानं तर फोटो काढला. ड्रायव्हरला वाटलं, आपणच या कठड्यावरून उडी मारावी. पण तसं करायलाही हिंमत लागते, ती त्याच्यात कुठे होती.

रात्रीच्या मुक्कामावर त्यानं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा बायको उद्याच्या राजवाड्याबद्दल बोलत होती. ती म्हणाली, "तुम्ही सोबत नसता तर मला यातलं काही बघायची इच्छाच झाली नसती."

दुसऱ्या दिवशी जे झालं त्याची मुळं पार्किंगमध्येच होती. राजवाडा वेगळा आणि सोळा दारांची विहीर वेगळी. विहीर तिथून अर्धा कोस लांब, रस्त्याच्या पलीकडे. पण दोन्हींचं पार्किंग एकच. कुणी प्रवासी राजवाडा बघून यायचे, कुणी विहीर, आणि बसच्या दारात ड्रायव्हरला सगळं एकाच भिंतीमागून आल्यासारखं ऐकू यायचं. त्यानं कधीतरी ते दोन्ही एकाच जिन्यानं जोडून टाकलं होतं. अशी चूक दुसरा कुणी करूच शकला नसता.

आरशांच्या दालनात पोपटचा पाठ संपला, तशी बायको पुढे झाली. काल चपलेच्या गोष्टीनं तिची बऱ्याच जणांशी ओळख झाली होती. "आता खरी गंमत पुढे आहे," ती म्हणाली. "मागच्या जिन्यानं उतरलं की सोळा दारांची विहीर. या माझ्यामागे."

वीसेक माणसं तिच्यामागे निघाली. पोपटनं ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, आणि तिथे त्याला एक नाही, पन्नास ड्रायव्हर दिसले, सगळे गप्प. दालनाच्या मागे खरंच एक दार होतं. बायकोनं ते ढकललं. आत झाडू होते, दोन बादल्या आणि एक मोडकं स्टूल, आणि स्टुलावर बसून डबा खाणारी सफाईवाली, जिचा हात तोंडाशीच थांबला.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. "वहिनी, दारं मोजायची का?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "विहीर आटली वाटतं."

बायकोचा चेहरा लाल झाला. पण ती मागे हटली नाही. "बुजवली असेल," ती म्हणाली. "पूर्वी इथेच होती. हे उतरलेत त्या जिन्यानं. माझा माणूस कशाला खोटं बोलेल?" आणि तिनं ड्रायव्हरकडे पाहिलं, साक्षीदाराकडे बघावं तसं.

त्या क्षणी तो बोलला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. तो बोलला नाही. त्याला लाज वाटली, आणि स्वतःची लाज झाकायला त्यानं तिला वीस माणसांच्या हसण्यात एकटीला उभं राहू दिलं. मला त्याच्या खोटेपणाचा राग नाही, या गप्प राहण्याचा आहे.

पार्किंगमध्ये परत आल्यावर टपरीवाल्या आत्याबाईंनी त्याला लांबूनच ओळखलं. "अरे, आज साध्या कपड्यात? आणि या कोण, घरच्या का?" त्यांनी चहा ओतला, बायकोला बसायला बाकडं पुसून दिलं आणि कौतुकानं बोलत सुटल्या. "तुमचा माणूस म्हणजे लाखात एक हो. पंचवीस वर्षं येतोय, पण बस सोडून दहा पावलं जायचा नाही. मी म्हणायची, अरे बाबा, एकदा तरी आत जाऊन ये, मी बघते तुझ्या बसकडे. नाही म्हणजे नाही. लोक बाहेर आले की एकेकाला धरून विचारायचा, एक तरी सांगा, एक तरी सांगा. आम्ही हसायचो. आज गेलास ना रे शेवटी आत?"

बायकोनं कप बाकड्यावर ठेवला. चहा तसाच होता.

"कुठेच नाही?" तिनं विचारलं.

"कुठेच नाही," तो म्हणाला.

"किल्ला?"

"काल पहिल्यांदा."

"चप्पल?"

"कुत्र्यानं नेली."

ती रडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तरी बरं वाटलं असतं. तिनं वही उघडली, मागच्या बाजूनं, आणि पानं उलटत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "माझ्या बहिणीनं तीनदा बोलावलं होतं मला. तिच्याबरोबर समुद्राकडे, मग बर्फाकडे. एकदा तिकीटसुद्धा काढलं होतं तिनं. मी म्हटलं, मला नको, माझ्या माणसानं मला घरबसल्या सगळं दाखवलंय." तिनं वही मिटली. "तुम्हाला निदान पार्किंग तरी मिळालं. मला मशीन मिळालं."

आपण खोटं बोलून तिला आनंद देतोय असं तो समजत आला होता. तो तिला घरात कोंडत होता हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. पंचवीस वर्षांत पकडले जाण्याची भीती त्यानं रोज बाळगली होती, पण हे पाप त्याला आजवर दिसलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. इतरांशी बोलली, आणि विशेष म्हणजे कुणालाच काही सांगितलं नाही. बसमध्ये एकानं विहिरीवरून पुन्हा टोमणा मारला तेव्हा ती म्हणाली, "पत्ता माझा चुकला." ड्रायव्हर खिडकीबाहेर बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस डोंगराच्या पायथ्याशी थांबली. डोंगर पोखरून केलेली दालनं, आत अंधारात खाली उतरत जाणारी. पोपटनं सगळ्यांना उतरवलं. ड्रायव्हरही उठला. बायकोनं हात आडवा केला.

"तुम्ही बसा."

"येतो ना मी. आता खरंच बघू."

"बसमध्ये सामान आहे," ती म्हणाली आणि वही सीटवर ठेवून उतरली.

तो दारापाशी उभा राहिला. ती रांगेत लागली, तिकीट दाखवलं आणि दगडी कमानीखालून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. त्याचं तिकीट त्याच्या खिशात होतं. स्टिअरिंगवर पाय टाकून पडलेला डुलकी म्हणाला, "जा की. मी आहे सामानाला."

ड्रायव्हर गेला. कमानीपर्यंत गेला. तिकीट बघणाऱ्यानं हात पुढे केला. त्यानं तिकीट काढलंसुद्धा. पण आत कुठेतरी ती एकटी बघत असेल, पहिल्यांदाच कुणी न सांगितलेलं काहीतरी, आणि आपण तिथे जाऊन उभे राहिलो तर ती आपल्याकडे बघेल की भिंतीकडे? हात पुढे करून माणूस कंटाळला. ड्रायव्हर परत फिरला.

त्यानंतर त्याला काय करावं ते कळेना. त्यानं बसची काच पुसली, ती आधीच पुसलेली होती. नळावर तोंड धुतलं. सावली भिंतीवरून सरकत तिसऱ्या खांबापर्यंत आली, म्हणजे तास झाला. पंचवीस वर्षं हे पार्किंग त्याला कधी अंगावर आलं नव्हतं, कारण तेव्हा त्याला वाटायचं की नियमानं आपण अडकलोय. आज नियम नव्हता, दार उघडं होतं, तिकीट खिशात होतं, आणि तरी त्याला बसभोवतीच्या दहा पावलांबाहेर पडता येत नव्हतं. सीटवरची वही त्यानं उघडली नाही.

प्रवासी परत येऊ लागले. "पाय दुखले हो," म्हणत एकेक जण चढला. शेवटी ती आली. चेहऱ्यावर धूळ होती, घामाच्या रेघा होत्या, आणि डोळे तसे, जसे तो पहिल्या फेरीहून आला तेव्हा दारात होते. ती बसच्या पायरीवर बसली आणि घटाघटा पाणी प्यायली.

तो तिच्यासमोर उभा राहिला. विचारायला त्याची जीभ वळेना, पण ती जीभ एकच वाक्य आयुष्यभर शिकली होती.

"काय पाहिलंस?" तो म्हणाला. "एक तरी सांग."

बायकोनं बाटलीचं झाकण लावलं. त्याच्याकडे बघितलं नाही, डोंगराकडे बघितलं.

"आत तीनशे बावीस पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "खाली उतरत जातात. शेवटच्या वळणावर माझा पाय सटकला आणि चप्पल थेट अंधारात गेली."

ड्रायव्हरनं खाली पाहिलं. तिच्या दोन्ही पायांत चपला होत्या, नव्या, धुळीनं माखलेल्या.

तो पायरीशी तिच्याजवळ खाली बसला. आत डुलकीनं इंजिन सुरू केलं.

"मग?" त्यानं विचारलं.